मिरचीवाल्या शेठची दुसरी नादारी

पोलिसातल्या नोकरीतल्या मोठमोठ्या केसेस मी विसरलो, पण मार्केट यार्डातल्या त्या मिरचीवाल्या शेठची भानगड अजून लख्ख आठवते. नव्वदीचं दशक होतं. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि जो तो श्रीमंत व्हायच्या घाईत होता.

शेठने कोर्टात नादारीचा अर्ज केला होता, म्हणजे जवळ काही उरलं नाही, देणी फेडता येत नाहीत. आणि हा अर्ज दुसरा. काही वर्षांपूर्वी भाव कोसळले तेव्हा तो खरोखर बुडाला होता. कोर्टाने चौकशी करून त्याला देण्यांतून मोकळं केलं होतं, आणि ते योग्यच होतं.

या खेपेला एक बाई ठाण्यात आली. मिरच्यांचे देठ खुडण्यात तिची पंधरा वर्षं त्याच्याकडे गेली होती. खोली घेण्यासाठी मजुरीतून वाचवलेले पैसे तिने शेठकडेच ठेवले होते. अर्ज मंजूर झाला की खोलीही गेली.

मी ठरलेलं उत्तर दिलं. "बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्ट बघेल."

"बघंल की. पर धंदा बुडालाय तर आमच्या टोळीतल्या बाया रोज टेम्पोनं वाघोलीला कशाला जात्यात? समद्यांस्नी बोलावलं, मला तेवढं न्हाई."

मी पेन उचललं. माल दडवून नादारी मागणं हा सरळ गुन्हा. स्टेशन डायरीत नोंद केली आणि शेठला बोलावून घेतलं.

"अहो साहेब, दुकानाला सहा महिने कुलूप आहे. मिरची डोळ्यांनी पाहिलेली नाही," शेठ म्हणाला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या हवालदाराला शिंक आली. मग दुसरी. मग मलाही.

"आपण पाहिली नसेल शेठ, पण आपल्या कोटाने पाहिलेली दिसते," हवालदार नाक पुसत म्हणाला.

शेठने घाईघाईने कोट झटकला. दुपारी पंच घेऊन त्याच्यासह वाघोली गाठली. मेहुण्याच्या नावावरच्या शेडमध्ये छपरापर्यंत पोती, आणि मधोमध टोळी देठ खुडत बसलेली. पंचनामा चालू असताना मी त्याला विचारलं, "एवढं डोकं लढवलंत, मग बायका नव्या का नाही घेतल्या?"

तो चक्क चिडला. "नवीन बायका मिरची मोडतात, साहेब. बी सांडलं की भाव गेला." कोर्टाला फसवताना न कचरलेल्या माणसाला मालाची हयगय सोसवत नव्हती. मला हसू आलं.

"आणि त्या एकीला का वगळलंत?"

त्याने मान खाली घातली. "तिच्यासमोर बसायचं कसं?"

अर्ज फेटाळला गेला, माल विकून देणी भागवली गेली आणि बाईला तिचे पैसे मिळाले. त्यानंतर मी 'दिवाणी बाब' म्हणून कोणालाही ऐकून घेतल्याशिवाय परत पाठवलं नाही.

पैसे मिळाल्यावर ती ठाण्यात सांगायला आली. शेठचा तिला फार राग असेल, असं मी म्हणालो.

"पयल्या बारीलाबी माझं पैसं गेलं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "तवा म्या ठाण्याची पायरी चढले न्हाई. तवा त्यो खरंच बुडाला व्हता."