फ्लॉपीची खिडकी

पप्पांनी जयंतीसाठी लिहिलेलं एक गाणं आईला यंदा विहारात पुन्हा म्हणायचं होतं. पहिलं कडवं तिला पाठ, पुढची काही केल्या आठवेनात. पप्पा आता नाहीत. त्यांचे कागद पुराच्या पाण्यात गेले, उरल्या दोन फ्लॉप्या. त्यांचं टायपिंगचं दुकान होतं आणि तिथलं मराठी सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरशिवाय कुठेच उघडत नाही. म्हणून कॉम्प्युटरचा तो डबा माळ्यावरून उतरवला.

काल्हेरच्या एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मावसभावाने फोनवर बजावलं, "त्या मशीनमधी जुना व्हायरस असंल. फ्लॉपीच्या कोपऱ्यात बारकी खिडकी हाय, ती आधी सेफ कर, मगच आत टाक."

खिडकी सेफ करणं भिवंडीकराला शिकवायला लागत नाही. शेजारच्या लूमचा कापूस आमच्या गल्लीत दिवसभर उडतो. डाळीत पडू नये, छातीत जाऊ नये म्हणून आम्ही आधी खिडक्या लावतो, मग बाकीचं. मी पट्टी सरकवून ती खिडकी बंद केली आणि फ्लॉपी आत घातली.

स्क्रीनवर गाणं आलं. आईला हाक मारली. ती हात पुसत येईपर्यंत मशीन अडकलं. बंद करून पुन्हा लावलं, तर विचारायला लागलं, फ्लॉपी फॉरमॅट करायची का? हातातोंडाशी आलेला घास गेला आणि कसा गेला तेही कळेना.

"उलटं केलंस," भाऊ परत फोनवर म्हणाला. "खिडकी उघडी असली तर मशीनला फ्लॉपीवर लिहिता येत न्हाय. तू बंद केलीस, व्हायरसने वर लिहून गाणं पुसलं."

मला हे अजून पटत नाही. उघडं ते सुरक्षित आणि बंद ते धोक्याचं, हा कुठला न्याय? आणि इतकी वर्षं माळ्यावर उपाशी पडलेला व्हायरस जगतो तरी कशावर? मी भावावरच चिडलो.

मग दुसरी फ्लॉपी घेतली. खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. वर नाव नाही, काही नाही. आत गाणं असेल, कुणाची लग्नपत्रिका असेल, नाहीतर कोरीच असेल. मशीनजवळ नेली, तशी आईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "यातबी न्हाय निघालं तर मंग मी कुठं शोधू?"