पाणी ढकलतं, ओढत नाही

गोदाअक्का गेल्याचं पत्र जळगावला माझ्या दवाखान्यात आलं, तेव्हा बाकावर रोगी बसलेले होते. पत्र खिशात घातलं आणि काम चालू ठेवलं. थांबलो असतो तर अक्काच रागावल्या असत्या... आज तीन आठवड्यांनी लिहायला बसलो आहे.

मी नवा डॉक्टर होऊन धुळ्याला एका वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली लागलो, तेव्हा अक्का तिथे एक्स-रेच्या फिल्म धुवायच्या. नवरा वारल्यावर झाडलोटीला आलेल्या. पण डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून बोलू लागले, की ओले हात पदराला पुसत त्या मागे येऊन उभ्या राहायच्या. ‘हे पांढरं कशानं?’ असं बेधडक विचारायच्या. मला ते आवडत नसे.

एकदा डॉक्टर मुंबईला गेले असताना पाचोऱ्याकडचं एक जोडपं सात वर्षांच्या सुमनला घेऊन आलं. ताप, खोकला, धाप. फिल्ममध्ये उजवी बाजू पांढरीफटक. छातीत पाणी झालंय, असं मी ठरवलं आणि ते काढायला सुई उकळत ठेवली. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“पानी ढकलस, डॉक्टर. आठे तं वढी ऱ्हायनं.” इथे तर ओढलं जातंय, असं त्यांचं म्हणणं.

“अक्का, तुम्ही फिल्म धुवा.”

“धुतली, म्हणूनच सांगते. श्वासनळी बघा.”

चिडूनच मी फिल्म पुन्हा धरली. पाणी असतं तर श्वासनळी आणि हृदय डावीकडे रेटलं गेलं असतं. इथे दोन्ही उजवीकडेच सरकली होती, त्या बाजूच्या फासळ्याही जवळजवळ आल्या होत्या. फुप्फुस मिटलं होतं! सुई गेली असती ती थेट हृदयाच्या अंगाला. मी सुईखालची आच बंद केली.

तोवर अक्का सुमनच्या आईजवळ बसल्या होत्या. “पोरीला मध्ये कधी ठसका लागला होता का?” आई आठवू लागली. बारा दिवसांपूर्वी शेतात शेंगा खाताना पोर हसली, काळीनिळी झाली, मग बरी वाटली... मी त्याच दिवशीच्या गाडीने त्यांना मुंबईला धाडलं. तिथे घशातून नळी घालून श्वासनळीत अडकलेला भुईमुगाचा अर्धा दाणा काढला. महिन्याभराने सुमन दवाखान्याच्या पायऱ्या पळत चढली. मी अक्कांची माफी मागितली, तर म्हणाल्या, “माफी ऱ्हाऊ द्या. आता मला डावी बाजू शिकवा.”

पुढे कित्येक वर्षं मी शिकवत गेलो, आणि खरं सांगायचं तर शिकतही गेलो.

परवा धुळ्याला जाऊन आलो. दवाखान्यातल्या फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत फळीखाली अक्कांची पत्र्याची पेटी होती. आत बिघडलेल्या, टाकून दिलेल्या फिल्म. प्रत्येकीवर श्वासनळीच्या कडेने टाचणीने ओरखडलेली बारीक रेघ. काही रेघा चुकलेल्या, शेजारी पुन्हा नीट काढलेल्या.

तिथल्या नव्या माणसाने विचारलं, “साहेब, ही रद्दी फेकू का?”

“टांग्यात ठेव,” मी म्हणालो. “जपून.”