उशीचा बाप्तिस्मा

दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या बाल्कनीत नातीचे टॉवेल वाळत असतात. परवा तिला झोपवताना त्या उन्हात तापलेल्या कापडाचा वास आला आणि मी थेट दिल्लीतल्याच जुन्या सेमिनरीच्या वर्गात जाऊन पोचलो.

मी तेव्हा तिथे ख्रिस्ती धर्मगुरू व्हायचं शिकत होतो. म्हणजे लग्न, मुलं, घर यांचा विचारच कायमचा सोडून. त्या दिवशी बाप्तिस्म्याची, बाळाच्या डोक्यावर पाणी घालायच्या विधीची, तालीम होती. बाळ कुठून आणणार? टॉवेलात गुंडाळलेली उशी हेच बाळ. मी तिच्यावर भसकन पाणी ओतलं, तसे आमचे म्हातारे फादर पुढे आले.

"अरे, सिर संभालो भाई. सो रहा है."

त्यांनी उशी स्वतःकडे घेतली, कुशीत नीट धरली आणि तशीच घेऊन वर्गभर फिरत शिकवू लागले. धडा पुढच्या प्रार्थनांवर गेला, खिडकीतलं ऊन सरकत भिंतीवर चढलं, तरी ते उशी काही खाली ठेवेनात. हलकेच थोपटत होते. मागच्या बाकांवर आम्ही तोंड दाबून हसत होतो.

पुढे मी सेमिनरी सोडली, संसार केला. परवा नात माझ्या कुशीत केव्हाच झोपून गेली होती.

"बाबा, झोपली ना ती? ठेवा की आता पाळण्यात," लेक म्हणाली.

"ठेवतो, ठेवतो," म्हणालो, आणि थोपटतच राहिलो.