टूवूंबाजवळची तीन गावं, बाबांसाठी

फिरायचा मूड कुणाला होता! नाशकात बाबा घरीच ऑक्सिजनवर, इथून जायला विमानं बंद, आणि मी इकडे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात हात चोळत बसलेली. बाबांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पुस्तकातलं इंग्रजांचं खेडं, चर्च, हिरवळ, सगळं तोंडपाठ. पाहिलं मात्र कधीच नाही. "एकदा दाखव गं मला," फोनवर धापा टाकत म्हणाले. निदान व्हिडिओ तरी पाठवू म्हणून सुट्टीच्या दिवशी एकटीच गाडी काढली.

तासाभरावर इंग्रजांनी वसवलेली तीन गावं आहेत. चर्चच्या हिशेबात तिन्ही मिळून एकच विभाग, म्हणजे पॅरिश, पाद्रीही एकच, रविवारी आळीपाळीने येतो. बस नाही. पेट्रोल आधीच भरा, तिथला पंप मनात येईल तेव्हा उघडतो. पहिल्या गावात कोविडमुळे सगळंच बंद होतं.

दुसऱ्या गावात बेकरी उघडी होती. स्कोन आणि जॅम सहा डॉलर, चहा मात्र पांचट. चर्चभोवती गुलाब, पण गवत वाळलेलं. "बाबा, हिरवळ समजून घ्या," म्हणत शूट केलं आणि पाठवलं. धाकट्या भावाचं, निखिलचं उत्तर आलं, 'बाबा बघतायत. ताई, सावकाश चालव.' आनंदाने मी गाडीतच रडले.

तिसऱ्या गावातलं लाकडी चर्च अगदी बाबांच्या पुस्तकातलं. अंगणात खांबावर घंटा, खाली दोर. देवाच्या दारात घंटा दिसली की आपला हात कुठला थांबतोय! फोन चालू ठेवून तीनदा दणकून वाजवली. समोरच्या घरातून एक म्हातारी मास्क चढवत धावत आली.

"कोण गेलं?"

रविवार सोडला तर गावात कुणी गेलं तरच ती घंटा वाजवतात म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणी नाही. चुकून वाजवली, सॉरी."

"नो वरीज, लव्ह," छातीवर हात ठेवत ती म्हणाली, आणि चर्च उघडून दाखवलं.

हा किस्सा ऐकून बाबा किती हसतील, याच विचारात परतले. अंधाराआधी निघा, रस्त्यात कांगारू येतात.

घरी पोचल्याचं कळवलं तसा निखिलचा फोन आला. बाबा पहाटेच गेले होते, मी पहिल्या गावात पोचायच्याही आधी. सगळं उरकलंही होतं. तू एकटी गाडी चालवत होतीस, कसं सांगणार, म्हणाला. वाटेतल्या माणसाला घरी पोचेपर्यंत सांगायचं नाही, ही आपली रीत. आग लागो त्या रीतीला. मी त्याला वाट्टेल ते बोलले, मग दोघंही रडत बसलो.

गावं सुंदर आहेत, तुम्ही जरूर जा. मला पुन्हा जाववणार नाही. त्या म्हातारीने सरळ विचारलं होतं, कोण गेलं. आणि बाबांसाठी घंटा वाजवून मी तिला म्हणाले, कुणी नाही.