खाऱ्या वाऱ्यातली गाडी

दांडी गावात समुद्राला लागून जी घरं आहेत, त्यातलं एक जयवंतीचं. उधाणाच्या दिवसांत लाटांचे तुषार थेट ओट्यापर्यंत येतात. दाराच्या कड्या, कपाटाच्या बिजागऱ्या, सायकल, शिवणयंत्र, लोखंडाचं म्हणून जे काही त्या घरात आलं ते काही वर्षांत तांबूस होऊन गळून पडलं. जयवंतीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. वस्तू आली की कधी ना कधी जायचीच, असं धरून ती जगत आली होती.

मग धीरजनं गाडी घेतली.

धीरज तिचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला होता. एका सुट्टीत घरी आला आणि बोईसरहून गडद निळी, नवीकोरी गाडी घेऊनच दारात उतरला. आईबापांना केळव्याला फिरवून आणलं, एकदा पालघरला मामाकडे नेलं आणि सुट्टी संपल्यावर गाडी अंगणात लावून पुन्हा जहाजावर गेला. बाप एकनाथ दम्यानं खाटेला लागलेला, जयवंतीला गाडी चालवता येत नाही. मामाचा मुलगा अंकुश महिन्यातून कधीतरी येऊन गाडी सुरू करून, जरा फिरवून जायचा. बाकी सगळी जबाबदारी जयवंतीवर आली.

"आय, तिथली हवा लय वाईट," धीरजनं जाताना बजावलं होतं. "एकीकडून दर्याचा खार, दुसरीकडून कंपन्यांची धूळ. गाडी धुतली नाय तर वर्षात खाऊन टाकंल."

धुवायचं कसं तेही त्यानं शिकवलं. आधी नुसतं पाणी सोडून वाळू काढायची, वाळूवर फडकं फिरवायचं नाही. चाकांची बादली वेगळी, अंगाची वेगळी. उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावायचा नाही. कोरडं झाल्यावर डबीतलं मेण पातळ लावायचं आणि मऊ कापडानं पुसून काढायचं. चाकांच्या धातूला आतूनही लावायचं, कारण गंज आतूनच धरतो.

जयवंती पहाटे बंदरावर जाऊन मासळी घ्यायची, शेअर रिक्षानं बोईसरच्या बाजारात नेऊन विकायची, दुपारी घरी यायची. त्यानंतर नवऱ्याचं जेवण, औषध, वाफारा. आता त्यात गाडी आली. विहिरीचं पाणी मचूळ, त्याचे पांढरे डाग पडायचे, म्हणून गाडीला नळाचं गोडं पाणी लागायचं. नळ एक दिवसाआड यायचा. जयवंती प्यायच्या पाण्यातून बादल्या काढायची आणि घरातल्या धुण्याभांड्याला विहिरीचं ओढायची. चाकांशी उकिडवं बसलं की गुडघे धरायचे. उठताना बोनेटला हात टेकावा लागायचा आणि मग हाताचा ठसा उमटला म्हणून तेवढं पुन्हा पुसावं लागायचं.

"माझ्या होडीला एवढं कुनी चोळलं नाय," एकनाथ खाटेवरून म्हणायचा.

"तुमची होडी आता कुठं हाय?" जयवंती म्हणायची.

जहाज एखाद्या बंदराला लागलं की धीरज व्हिडिओ कॉल करायचा. बापाची तब्येत विचारायचा, जेवलात का विचारायचा आणि मग म्हणायचा, "आय, मागचं चाक दाखव. आता आत. जरा जवळ ने." जयवंती एका हातात मोबाईल धरून गाडीभोवती फिरायची. मुलाच्या तोंडावर हसू दिसलं की तिला बरं वाटायचं. पण फोन ठेवल्यावर ध्यानात यायचं, की आपण कशी आहोत हे सांगायचं राहूनच गेलं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिनं बोईसरहून गाडीला घालायचं कव्हर आणलं. आता रोज धुवायला नको, असं तिला वाटलं. चारही बाजूंनी दोऱ्या घट्ट बांधल्या आणि त्या आठवड्यात ती दुपारची थोडी आडवी झाली. नंतर वारं सुटलं. कव्हर रात्रंदिवस फडफडत राहिलं. तिनं ते काढून पाहिलं तेव्हा आत वाळू शिरून ओली झाली होती. वाऱ्यानं कव्हर हललं तसतशी ती वाळू पत्र्यावर घासली गेली होती. बोनेटची निळाई धुरकटली होती. पुढच्या चाकांच्या चकाकीखाली पांढरे फोड आले होते, कातडीखाली किडा फिरावा तसे.

मग तिला जे सुचलं ते तिनं केलं. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि पितळेचं भांडं घासावं तशी दोन्ही पुढची चाकं जोर लावून घासली. राख धुऊन टाकल्यावर चाकांवर गोल गोल ओरखडे दिसले. पुढच्या फोनला तिनं फक्त मागची बाजू दाखवली. त्याच्या पुढच्या फोनला म्हणाली, "पाऊस हाय रे, बाहेर नाय जाता येत."

धीरज आला तो गणपती होऊन गेल्यावर. पिशवी ओट्यावर टाकली, बापाच्या पाया पडला आणि गाडीकडे गेला. जयवंती दारातच उभी राहिली. तो एक फेरी मारून पुढच्या चाकाशी बसला. बोटानं ओरखडे चाचपले.

"हे कशानं घासलंस?"

"राखेनं."

"राखेनं?" त्याचा आवाज चढला. "आय, एवढं सांगितलं व्हतं मी! दर खेपेला सांगत व्हतो! एक गाडी तुमाला सांबाळता येत नाय?"

एकनाथ खाटेवर उठून बसला, पण त्याला खोकल्याची उबळ आली. बोलली ती जयवंतीच. तिचा आवाज मुळीच चढला नाही, त्यामुळे धीरजला ते जास्त लागलं.

"नाय सांबाळता येत," ती म्हणाली. "मी दमली रे. तू फोनवर चाक बगतोस. एकदा म्हनशील, आय, तुजे हात दाखव?"

धीरजनं स्वतःचेच दोन्ही हात पुढे केले. तळव्यांवर जाड घट्टे होते आणि उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती.

"मी तिकडं काय करतो, तुला म्हायती हाय?" तो म्हणाला. "गंज काढतो. हातोडीनं ठोकायचा, ब्रशनं घासायचा, रंग मारायचा. त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाचं परत लाल. रोज तेच. वाटायचं, घरी माजी एक तरी वस्तू चकचकीत उबी हाय."

जयवंती त्याच्याजवळ जाऊन खाली बसली. हे तिला खरंच माहीत नव्हतं. मुलगा जहाज चालवतो, एवढंच ती गावात सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी धीरजनं एकट्यानं गाडी धुतली. पॉलिश लावून बोनेट घासलं, ते पुष्कळ सुधारलं. चाकं मात्र गेली ती गेली. संध्याकाळी त्यानं हात धुतले आणि अंकुशला फोन लावला.

"गाडी तुज्याकडं ने. तू चालव, भाड्यानं लाव, काय पन कर. इथं ऱ्हायली तर ती पन जाईल नि आय पन."

अंकुश दोन दिवसांनी येऊन गाडी घेऊन गेला. पालघरला त्याच्या घराला पत्र्याची शेड होती आणि तिथवर समुद्राचा खार तेवढा पोचत नव्हता. गाडी वळणाआड गेली तेव्हा धीरजच्या डोळ्यांत पाणी होतं. जयवंतीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवून ती आत भात टाकायला गेली. तिलाही वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, आणि तसं वाटलं याचीच तिला थोडी लाज वाटली.

सुट्टी अजून बाकी होती. धीरज सकाळी आईची पाटी उचलून रिक्षापर्यंत न्यायचा, बापाला वाफारा द्यायचा. बाकीचा वेळ तो झोपायचा. कितीही झोपला तरी त्याची झोप पुरी होत नव्हती. पुन्हा जहाजावर जायचं की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि जयवंतीनं विचारलं नाही.

एका दुपारी शेजारची विजया उसनी साखर मागायला आली. ओट्यावरून तिनं दोनदा हाक मारली. आत पाहिलं तर एकनाथ खाटेवर, धीरज चटईवर आणि जयवंती भिंतीशी हाताची उशी करून, अशी तिघंही गाढ झोपलेली. कुणाला उठवावंसं तिला वाटलं नाही. दार ओढून घेऊन ती तशीच परत गेली.