अब्बासभाईंची जर्सी आणि आमचं तान्हं

आमच्या घरी एक पेटी होती, तिच्यात परक्या माणसांचे घामट कपडे होते आणि ते मी जिवापाड जपत होतो.

बालाघाटच्या मैदानावर हिवाळ्यात हॉकीच्या मॅची व्हायच्या. मॅच संपली की मी खेळाडूंच्या मागे लागून अंगातली जर्सी मागून आणायचो. धुवायची मात्र नाही! (धुतल्यावर उरतं काय? कापड!) कचेरीतून आलो की एखादी जर्सी मांडीवर घ्यायची आणि डोळे मिटायचे. वाळलेल्या मातीचा वास आला की खोली हळूहळू विरघळायची. सोनेरी ऊन, तरंगणारी धूळ, काठ्यांची टकटक आणि गोलात उभा मी! बायको म्हणायची, "गेले वाट्टे मैदानावर."

सगळ्यांत लाडकी अब्बासभाईंची. भोपाळचे गोलकीपर! हिरवी जर्सी, कोपरावर आमच्या मैदानाची माती. त्या वर्षी ते शेवटचं खेळायला आले होते. मी छाती फुगवून सांगितलं, "आपकी जर्सी वैसी की वैसी रखी है!"

त्यांचे डोळे भरून आले. "फायनल के बाद घर आऊंगा. एक बार देखनी है."

मी तरंगतच घरी आलो. घरात आठवड्याचं तान्हं होतं, पण मॅचींच्या त्या दिवसांत मी घरी असून नसल्यासारखाच. दोरीवर लंगोट वाळत होते, हिरवे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. काय सुरेख रंग, असं म्हणत मी खालून वाकून गेलोसुद्धा! मग एका लंगोटावर जर्सीच्या पाठीवरचा अर्धा सातचा आकडा दिसला.

"माय! पेटी कोणं उघडली?"

"म्या!" माय कौतुकानं फुलली होती. "काहून लपवून ठेवलं रे? तान्ह्या लेकराले नवं कापड लावत नाहीत, जुनं मऊच लागते, हे तुले ठाऊक होतं! अन् तेही तगड्या माणसाइच्या अंगातलं! लेकरू तसंच निघन म्हून ना?"

"माय, ते तर..."

"चार पाण्यात उकळलं बाप्पा! काय मळ निघाला!"

माझं मैदान मोरीतून वाहून गेलं होतं. मला रडूच येत होतं, पण बोलतो कसा? मायनं गल्लीभर डंका पिटला होता. शेजारच्या काकू नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "पाहा! बाप असा असते! लेकराच्या आधीपासून कपडे जमवून राह्यला!" (तो बिचारा पुढे कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही.) लालबर्र्याच्या मावशीनं तर माझी दृष्ट काढली.

"अन् हिरवी?" मी हळूच विचारलं.

बायकोनं पाळण्याकडे बोट दाखवलं. हिरवं दुपटं, त्यावर गोलकीपरचा एकचा आकडा आणि आत गाढ झोपलेलं बाळ.

फायनल झाली तसे अब्बासभाई मैदानावरून थेट आले. अंगात मातीनं भरलेली जर्सी. "कहां है?"

 एवढा मोठा माणूस, आणि मी त्याची आठवण कापून शिवून ठेवली! मी दुपट्यासकट बाळच त्यांच्या हातात दिलं. त्यांची नजर दुपट्यावर गेली. आता भडकणार! पण त्यांनी त्या आकड्यावरून हळूच बोट फिरवलं.

"मियां, मैं समझा संदूक में सो रही होगी. ये तो अभी खेल रही है!"

आणि तेवढ्यात बाळानं धार सोडली. जोरदार! सरळ पाहुण्यांच्या छातीवर!

"आता पाहा!" माय हसत सुटली. "जलमभर गोल अडवले, अन् हे नाही अडवता आलं!"

अब्बासभाईंनी हसत जर्सी काढून माझ्या हातात ठेवली. "रख लो." शेवटच्या मॅचची! ताज्या मातीसकट! माझे डोळे आपोआप मिटले. सोनेरी ऊन, धूळ... उघडले तेव्हा हात रिकामे होते आणि माय ती जर्सी सोड्याच्या पाण्यात दाबत होती. "गोलकीपरचं कापड लय मऊ रायते," ती म्हणाली. तिकडे बायकोनं पाहुण्यांना माझा टेरिलिनचा सदरा दिला होता, बारशासाठी शिवलेला. त्यांना तो असा काही बसला की परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

बारशाला मी बनियनवर बसलो. खेळाडूंचे कपडे जमवणारे जगात पुष्कळ असतील, पण खेळाडूच्या पेटीत स्वतःचा कोरा सदरा जमा करून हात हलवत बसलेला मात्र मीच!