मित्र ज्वालामुखी चढून आला

एक खोटं मी बोललो आणि मित्राच्या नावावर खपवलं, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच कॉलेजात भूगोल शिकवायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो फ्रान्सच्या मध्यभागातल्या विझलेल्या ज्वालामुखींच्या डोंगरात अभ्यासाला गेला. अर्ज मीही केला होता. पंधरा वर्षं मी फळ्यावर खडूनं ज्वालामुखी काढत होतो, आणि हा त्यावर चढून आला.

परतल्यावर स्टाफरूममध्ये त्याचं रोज तेच वर्णन. आपला पन्हाळाही लाव्हाचाच, पण आपल्याकडं तो थरांनी पसरला, तिकडं शंकूसारखे डोंगर उभे राहिले. काळी माती, दाट गवत, उन्हाळाभर गाई माथ्यावर. हिवाळ्यात बर्फानं वाटा बंद, म्हणून दुधाचं चीज करून ठेवायचं. तरी पोरं शहराकडं जातात, गावं रिकामी होतात. मी मान डोलवायचो आणि आत जळायचो. त्याच्या बुटांकडंसुद्धा बघवत नव्हतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात त्याचं भाषण ठरलं. दूध टिकवून जास्त दरानं कसं विकायचं, हे त्याला गवळ्यांना सांगायचं होतं. तिकडून येताना त्यानं तेवढंच मनात धरलं होतं. आदल्या दिवशी मी एकटाच त्या गावात गेलो. गवळ्यांबरोबर चहा पिता पिता, सहज म्हटल्यासारखं, बोललो, "आमचं सर म्हणत्यात, म्हशी विका, गाई घ्या. म्हशीच्या दुधात काय न्हाय."

म्हशीशेजारी उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या मुलखात याहून वाईट काही बोलता आलं नसतं.

"व्हय?" एक म्हातारा म्हणाला. "मग पावण्याचं भाषण गाईच ऐकतील की."

दुसऱ्या दिवशी मंडपात चार माणसं आली, तीही मध्येच उठली. परतताना एसटीत तो आपलं काय चुकलं ते विचारत राहिला. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यानंतर तो कुठल्याच गावात बोलायला गेला नाही.

सात-आठ वर्षांनी कळंब्याच्या तलावावर फिरताना तो म्हणाला, त्या गावात मी शहाणपण शिकवायला गेलो, तीच चूक. तेव्हा मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला नको, त्या गावकऱ्यांना सांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत दूध घालायच्या वेळेला आम्ही दोघं त्या गावात गेलो. तोच म्हातारा रांगेत होता. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "सरांनी म्हशी विका म्हटलंच न्हवतं. ते मी रचलं. त्यांच्यावर जळत होतो. तुमची आणि त्यांची, दोघांची माफी मागतो."